पॅसिफिकमधलं मालवाहू-प्रवासी जहाज ‘आरानुई 5’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताहितीहून मार्केसास बेटांकडे जाणाऱ्या ‘आरानुई 5’ बद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न घेतलेत, मग अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटाचे दर मुद्दाम दिलेले नाहीत, ते सतत बदलतात.

1. हे क्रूझ जहाज आहे की मालवाहू? फोटोत तर दोन्ही दिसतं.

दोन्ही आहे, पण मान मालाचा पहिला. जहाज 126 मीटर लांब आणि 22 मीटर रुंद. पुढच्या भागात दोन क्रेन, त्यांच्याखाली होल्ड (माल ठेवायचं जहाजाचं पोट) आणि डेकवर कंटेनर. मागच्या भागात केबिन, जेवणघर, बार आणि एक छोटासा तरणतलाव. सुमारे 3,200 टन माल आणि सव्वादोनशेच्या आसपास प्रवासी मावतात. कोणत्या बंदरात किती वेळ थांबायचं हे उतरवायच्या मालावर ठरतं आणि प्रवाशांची सहल त्या वेळात बसवली जाते. कुणाची गैरसोय करायचीच झाली तर ती प्रवाशाची होते, सिमेंटच्या गोणीची नाही. हे ज्याला मंजूर नाही त्याने साधी क्रूझ घ्यावी. पॅसिफिकमध्ये त्यांचा तोटा नाही.

चालवणारी कंपनी 1954 सालची, ताहितीतल्या एका चिनी वंशाच्या कुटुंबाची. पर्यटक घ्यायला 1984 मध्ये सुरुवात झाली. आताचं जहाज चीनमध्ये बांधलेलं आहे आणि 2015 च्या अखेरीपासून फेऱ्या करतंय.

2. जातं कुठून कुठे? आणि किती दिवसांत?

ताहिती बेटावरची फ्रेंच पॉलिनेशियाची राजधानी पापेएते इथून निघतं, आधी तुआमोतूंपैकी एखाद्या प्रवाळबेटाला, बहुधा फाकारावाला, लागतं. मग एक अख्खा दिवस फक्त पाणी. त्यानंतर मार्केसासची वस्ती असलेली सहाही बेटं: नुकु हिवा, उआ पोउ, उआ हुका, हिवा ओआ, ताहुआता आणि फातू हिवा. परतीच्या वाटेवर रांगिरोआ आणि बोरा बोरा. पूर्वी फेरी 14 दिवसांची होती, सध्या नेहमीची फेरी 12 दिवसांची असते. बेटांचा क्रम फेरीगणिक बदलतो, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनातला क्रम पाहून कुणाला भेटीची वेळ देऊ नका.

पापेएते ते मार्केसास हे अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास आहे. देश एकच, पण मधे एवढा समुद्र.

3. विमानं असताना एवढ्या लांब जहाज कशाला?

विमानं आहेत. नुकु हिवा आणि हिवा ओआला पापेएतेहून तीन तासांहून थोड्या जास्त वेळात पोचता येतं. उआ पोउ आणि उआ हुकाच्या धावपट्ट्या आखूड, तिथे छोटीच विमानं उतरतात. ताहुआता आणि फातू हिवाला तर विमानतळच नाही. शिवाय विमानातून फार तर माणूस, त्याची बॅग आणि टपाल जाईल. घराच्या छपराचे पत्रे, ट्रॅक्टरचं टायर, फ्रीज, तांदूळ, बिअरचे क्रेट हे सगळं समुद्रानेच येतं. मार्केसासमध्ये जेमतेम साडेनऊ हजार माणसं राहतात. एवढ्यांसाठी मोठी कंटेनर जहाजं कधीच फिरकणार नाहीत. या वाटेवर फक्त मालाची दुसरी जहाजंही आहेत. पण गावात कुणी ‘जहाज कधी येतंय?’ असं विचारलं, तर ते बहुतेक वेळा आरानुईबद्दलच असतं.

4. जाताना काय असतं आणि येताना काय?

जाताना: तांदूळ, पीठ, साखर, गोठवलेलं मांस, सिमेंट, लाकूड, लोखंडी सळ्या, मोटारी, मोटारींचे सुटे भाग, फर्निचर, औषधं, शाळेच्या वह्या. थोडक्यात, एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेत जे मिळतं ते.

येताना: सुकं खोबरं, नोनी हे फळ, लिंबं, मासळी, सुकवलेली केळी आणि रिकामं काय काय. रिकामे पिंप, रिकाम्या बाटल्या. रिकामी वस्तू परत नेण्यालाही भाडं पडतं, म्हणून ती कुणी उगाच पाठवत नाही.

मालाचा हिशेब ठेवणाऱ्याला पॅसिफिकभर ‘सुपरकार्गो’ म्हणतात. कोणती गोणी कुणाची, कुणी पैसे भरले, कुणाचं बाकी आहे, सगळं त्याच्याकडे. धक्क्यावर क्रेनखाली कागद घेऊन उभा असलेला, ज्याच्याभोवती सगळ्यात जास्त माणसं जमलेली असतात, तो हाच. कप्तानाला गावातली मोजकी माणसं ओळखतात, सुपरकार्गोला सगळं गाव.

5. खोबऱ्याचं एवढं काय कौतुक? ते तर आपल्याकडेही आहे.

आपल्याकडे नारळाला बाजार जवळ आहे. फातू हिवाच्या ओमोआ गावात नारळ विकायला बसलात तर घेणार कोण? शेजारच्या अंगणातही नारळच आहे. म्हणून तिथे नारळाचं नगदी रूप एकच, सुकं खोबरं.

पडलेला नारळ कुऱ्हाडीने फोडायचा, वाट्या उन्हात सुकवायच्या, खोबरं करवंटीपासून सोडवायचं, पुन्हा सुकवायचं आणि गोणीत भरायचं. सुकवायचे मांडव जमिनीपासून उंचावर असतात आणि त्यांचं छप्पर रुळावर सरकतं. पावसाची सर आली की छप्पर ओढून घ्यायचं. डोंगरउतारावरच्या झाडांखालून गोण्या घोड्यावरून किंवा जीपमधून खाली येतात आणि जहाज यायच्या दिवशी किनाऱ्यावर थप्पी लागते. तिथे वजन होतं, चिठ्ठी मिळते आणि त्या चिठ्ठीवर घर चालतं.

पहिल्या प्रतीच्या खोबऱ्याला फ्रेंच पॉलिनेशियाचं सरकार गेली अनेक वर्षं किलोला 140 फ्रँकचा भाव बांधून देतंय. हा पॅसिफिक फ्रँक, युरोशी जखडलेला. 1,000 फ्रँक म्हणजे 8.38 युरो. जागतिक बाजारात खोबऱ्याला एवढा भाव सहसा मिळत नाही. फरक सरकार सोसतं, कारण पर्याय एकच उरतो: लोक बेट सोडून पापेएतेच्या चाळींत येऊन राहतील. हे अर्थशास्त्र कुणाला वायफळ वाटेल. मला ते शहाणपणाचं वाटतं.

गोण्या पापेएतेच्या तेलगिरणीत जातात. त्या तेलाचा काही भाग शुद्ध करून त्यात तिआरे ही फुलं मुरवतात आणि ‘मोनोई’ नावाने विकतात. 1992 पासून या नावाला उगमस्थानाचं संरक्षण आहे, जसं आपल्याकडे जीआय.

खोबरं होल्डमध्ये नुसतं पडून राहत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. त्याबद्दल प्रश्न 9 पाहा.

6. जिथे धक्का नाही तिथे माणसं आणि माल उतरतात कशी?

ताईओहाए, हाकाहाऊ आणि आतुओना या तीन मोठ्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं. बाकी गावांत ते नांगर टाकून बाहेरच थांबतं आणि पुढचं काम बार्ज (सपाट तळाचे तराफे) आणि व्हेलबोटी (छोट्या उघड्या बोटी) करतात. कोकणातल्या जुन्या मंडळींना हे समजावून सांगावं लागणार नाही. मुंबई-गोवा बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या ये-जा करायच्या. वेंगुर्ल्याला उतरलेल्यांनी पडावात उडी कधी टाकायची हे शिकून घेतलेलं असायचं. इथेही तेच आहे, फक्त बोटीला इंजिन आहे आणि खाली पॅसिफिक आहे.

मार्केसासभोवती प्रवाळाचं कडं जवळजवळ नाहीच. बोरा बोराला जो शांत निळा तलाव दिसतो तो कड्यामुळे. इथे तसा आडोसा नसल्याने दूरवरून आलेली लांब लाट थेट किनाऱ्यावर येऊन आदळते. जहाजाच्या शिडीपाशी बोट मीटर-दीड मीटर वरखाली होत असते. शिडीच्या शेवटच्या पायरीवर एक खलाशी, बोटीत दोन. तुम्ही हात पुढे करायचा नाही. ते तुमचा दंड कोपराच्या वर धरतात. बोट वर आली की एक जण नुसता ‘आता’ म्हणतो, आणि तुम्ही विचार करायच्या आत पलीकडे असता. कॅमेरा गळ्यात, दोन्ही हात मोकळे, चप्पल नाही तर बूट. ज्यांनी हे ऐकलं नाही त्यांच्या टोप्या अजून वाईताहूच्या खाडीत तरंगत असतील.

मालाची पद्धत वेगळी. क्रेन जाळीतून किंवा पट्ट्यांवरून माल बार्जवर सोडते. बार्ज किनाऱ्याच्या उतारावर नाक लावते आणि फोर्कलिफ्ट किंवा ट्रक पुढे येतो. मोटार उतरवायची असेल तर बार्ज स्थिर धरण्यासाठी इंजिन सतत पुढे रेटत ठेवावं लागतं. पाहणारे टाळ्या वाजवतात; चालवणारा कपाळाला हात लावत नाही, कारण हात रिकामे नसतात.

7. उआ हुकाला जहाज खाडीत उलटं फिरवतात म्हणे. खरं का, आणि कशाला?

खरं आहे. वायपाए ही खाडी चिंचोळी, दोन्ही बाजूंना उभे कडे. जहाज बहुधा पहाटे आत शिरतं. नांगर पडतो, मग दोन व्हेलबोटी जाड दोर घेऊन दोन बाजूंना सुटतात. किनाऱ्याशी बोट खडकाला टेकते ना टेकते तोच एक खलाशी उडी मारतो, ओल्या खडकावर पाय रोवतो आणि दोराचा फास खुंटात अडकवतो. लाट परतली की बोट मागे, तो तिथेच. दोर ताणले जातात, पुढचे थ्रस्टर (आडवा रेटा देणारे पंखे) जहाजाचं नाक ढकलतात आणि 126 मीटरचं जहाज जागच्या जागी हळूहळू वळतं. नाक समुद्राकडे झालं की पुन्हा दोर घट्ट.

नाक समुद्राकडे असलं की येणारी लाट जहाज पुढून घेतं, आडवं पडत नाही. दुसरं म्हणजे हवा बिघडलीच तर दोर सोडून थेट बाहेर पडता येतं; अशा वेळी आत वळत बसायला फुरसत नसते. बघायचं असेल तर गजर लावा. नाश्त्याच्या वेळेपर्यंत बहुतेक संपलेलं असतं.

8. खलाशी कोण असतात? त्यांचा दिवस कसा जातो?

सगळे मिळून शंभरेक माणसं: पूल (जिथून जहाज चालवतात ती जागा) आणि इंजिनावरचे अधिकारी, डेकवरचे, स्वयंपाकघर, केबिन, गाइड, एक डॉक्टर. बहुतेक पॉलिनेशियन आणि त्यातले बरेच खुद्द मार्केसासचे. म्हणजे ज्या गावात ते सिमेंट उतरवतात, ते कुणाच्या तरी सासुरवाडीचं असतं. जहाज तीन तास थांबणार असेल तर त्यातला अर्धा तास घरी जाऊन यायला मिळतो, तोही क्रेनचं काम आटपलं तर.

पुलावर आणि इंजिनात पहाऱ्याची जुनी पद्धत म्हणजे चार तास काम, आठ तास सुट्टी. डेकवाल्यांचं तसं नाही. त्यांचा दिवस बंदराच्या हिशेबाने चालतो. बंदरात पोचायच्या आधी दोर आणि क्रेन तयार, पोचल्यावर माल, निघाल्यावर डेक धुणं. विश्रांतीबाबत आंतरराष्ट्रीय करार असं सांगतो की कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी, आणि 10 तासांचे फार तर दोन तुकडे करता येतात, त्यातला एक सहा तासांपेक्षा लहान नको. ज्या जहाजाला रोज नवीन बंदर आहे, तिथे हे वेळापत्रक बसवणं हेच पहिल्या अधिकाऱ्याचं खरं डोकेदुखीचं काम असतं.

अंगभर गोंदण असलेला, सकाळी एकेका हाताने गोणी उचलणारा माणूस रात्री बारमध्ये युकुलेले वाजवताना दिसला तर दचकू नका. तो तोच आहे.

9. पेट्रोल, गॅस सिलिंडर, खोबरं आणि शेकडो प्रवासी हे सगळं एकाच जहाजावर चालतं का?

सगळं सरसकट चालत नाही. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत प्रत्येक पदार्थाला ‘कुठे ठेवायचा’ याचा वर्ग असतो, आणि तो जहाजावर प्रवासी किती यावर अवलंबून असतो. 25 प्रवासी, किंवा जहाजाच्या दर तीन मीटर लांबीमागे एक प्रवासी, यातला जो आकडा मोठा त्याच्या आत प्रवासी असतील तर नियम मालवाहू जहाजाचे लागतात. 126 मीटरला हा आकडा 42 येतो. आरानुईवर त्याच्या कितीतरी पट माणसं असतात, म्हणून तिला प्रवासी जहाजाचे कडक नियम लागू होतात: काही माल फक्त उघड्या डेकवर आणि काही माल या जहाजावर घेताच येत नाही. तो प्रवासी नसलेल्या जहाजाने जातो.

खोबऱ्याचीही गणना याच यादीत होते. ते स्वतःहून तापणाऱ्या पदार्थांत मोडतं (वर्ग 4.2). ओलं राहिलेलं खोबरं बुरशी धरतं, बुरशी उष्णता धरते, आणि हवा न खेळणाऱ्या होल्डमध्ये तापमान चढत जातं. म्हणून किनाऱ्यावर गोणी तपासणारा माणूस वजनापेक्षा ओलाव्याकडे जास्त बघतो. त्याशिवाय खोबऱ्यात किडे असतात आणि ते गोणीतच राहतील असं नाही. मागच्या डेकवर संध्याकाळी छोटा काळा किडा दिसला तर घाबरू नका, तो चावायला आलेला नाही.

10. बारा प्रवाशांचा काय नियम आहे? पिटकेर्नच्या जहाजाबद्दल ऐकलं होतं.

‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज हे ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि त्याला बांधणी, जीवरक्षक नौका, आग यांचे बरेच जास्त नियम लागतात. म्हणून जगभर कितीतरी मालवाहू जहाजं बाराच प्रवासी घेतात. पिटकेर्न बेटाला जाणारं ‘सिल्व्हर सपोर्टर’ त्यातलंच: माल न्यूझीलंडहून, प्रवासी फ्रेंच पॉलिनेशियातल्या मांगारेवाहून. पिटकेर्नलाही धक्का नाही आणि गावकरीच लाँगबोट घेऊन बाहेर येतात (बोटीत उतरण्याचं तंत्र प्रश्न 6 मध्ये).

11. समुद्र खवळला तर एखादं बेट टाळतात का?

टाळतात, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. बहुधा पुआमाऊ, हानावावे यांसारख्या उघड्या खाड्यांचा नंबर आधी लागतो. प्रवासी उतरवायचं धोक्याचं असलं तरी माल उतरवता येतो, असंही होतं. म्हणजे तुम्ही कठड्याला टेकून तांदूळ किनाऱ्याला जाताना बघायचं. उलटही होतं, पण क्वचित.

त्सुनामीचा इशारा आला तर जहाज बंदरात थांबत नाही, खोल पाण्यात निघून जातं. प्रवाळाचं कडं नसल्यामुळे मार्केसासच्या खाड्यांत त्सुनामीचं पाणी जास्त चढतं. 1946 आणि 2010 चा अनुभव तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे. अशा वेळी सहलीला गेलेले प्रवासी डोंगरावर आणि जहाज क्षितिजावर, असं घडू शकतं. पासपोर्टची एक प्रत जवळ असू द्या.

12. तिथले लोकही यातून प्रवास करतात का, की फक्त पर्यटक?

करतात. बेटांदरम्यान जाणारे, पापेएतेहून घरी परतणारे, खेळाच्या स्पर्धांना निघालेली मुलं, सामानासकट जाणारी कुटुंबं. एकत्र झोपायच्या स्वस्त खोल्याही आहेत. ज्यांना मार्केसासबद्दल खरंच काही जाणून घ्यायचंय त्यांनी बारपेक्षा तिथल्या बाकांवर जास्त वेळ बसावं. फ्रेंच थोडी तरी यायला हवी.

13. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण आधी कळवा. जहाजावर तीन वेळचं जेवण असतं आणि दुपारी-रात्री वाइनही भाड्यातच येते, फ्रेंच पद्धत. आरक्षणाच्या वेळीच लेखी सांगितलं तर स्वयंपाकघर सोय करतं. अंडं आणि मासळी शाकाहारात धरतात का, हे त्यांना तुम्हीच स्पष्ट करायचं, नाहीतर ताटात टूना येईल.

अडचण बेटांवरच्या मेजवानीची. जमिनीत खड्डा खणून तापलेल्या दगडांवर, पानांखाली भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधातलं बकऱ्याचं मटण, लिंबात मुरवलेली कच्ची मासळी. शाकाहाऱ्याला उरतं ते नीरफणस, केळी, अळूकुळातले कंद, नारळाचं दूध. कोकण-गोव्यातल्यांना नीरफणसाच्या कापा ठाऊक आहेतच; इथे तो आख्खा निखाऱ्यावर भाजतात. ‘पोपोई’ मात्र जपून: तो आंबवलेल्या नीरफणसाचा गोळा असतो आणि पहिल्या घासाला आवडला असं सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

14. बोट लागते का?

जाताना बऱ्याच जणांना लागते. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे अंगावर घेत जहाज ईशान्येला जातं. परतीचा प्रवास त्या मानाने सुखाचा. खालच्या मजल्याची, जहाजाच्या मधल्या भागाच्या जवळची केबिन हलते कमी. गोळी लाट सुरू व्हायच्या आधी घ्यावी, नंतर ती पोटात टिकत नाही.

15. अशी मिश्र जहाजं सुरक्षित असतात का? टोंगाच्या जहाजाचं काय झालं होतं?

जहाज बघून उत्तर द्यावं लागतं. टोंगातलं ‘प्रिन्सेस आशिका’ 5 ऑगस्ट 2009 च्या रात्री बुडालं आणि 74 माणसं गेली. तेही माल आणि प्रवासी दोन्ही नेणारं जहाज. 1972 मध्ये जपानमध्ये बांधलेलं आणि बुडालं त्याच वर्षी, 2009 मध्ये, फिजीतून विकत घेतलेलं. खाली झोपलेल्या बायका-मुलांना वर यायला वेळच मिळाला नाही. चौकशी आयोगाने जहाज समुद्रात जायच्या लायकीचंच नव्हतं असा निष्कर्ष काढला. मालाच्या डेकवर पाणी शिरलं की मोठ्या मोकळ्या जागेत ते एका कुशीला धावतं आणि जहाज सावरत नाही. मिश्र जहाजांची ही जुनी दुखरी जागा आहे.

आपल्याला ‘रामदास’ आठवते: 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली आगबोट, सहाशेहून अधिक बळी. दोन्हींकडे मूळ कारणं वेगळी, पण जुनं जहाज आणि ‘एवढ्यात काय होतंय’ ही वृत्ती हे मिश्रण कुठेही घातकच.

नवं, नियमांत बसवलेलं आणि फ्रेंच झेंड्याखाली तपासणी होणारं आरानुई या रांगेत येत नाही. बेटांवरच्या छोट्या, तात्पुरत्या बोटींबाबत मात्र चौकशी करूनच पाय ठेवा. पहिल्या दिवशीचा जीवरक्षक सराव चुकवू नका.

16. घड्याळ किती मागे असतं? फोन चालतो का?

पापेएते आपल्या साडेपंधरा तास मागे, मार्केसास बरोबर पंधरा तास मागे. हो, एकाच देशात अर्ध्या तासाचा फरक. पुण्यात रात्रीचे 9 वाजले असतील तर ताईओहाएत त्याच दिवशी सकाळचे 6. मोठ्या गावांत फोन चालतो, बेटांदरम्यान त्यावर विसंबू नका. गावात रोख फ्रँक लागतात. लाकडी कोरीवकाम विकणाऱ्या मावशींकडे कार्ड चालेलच असं नाही.

17. व्हिसा कोणता? शेंगेन चालेल का?

नेहमीचा शेंगेन व्हिसा फ्रेंच पॉलिनेशियाला आपोआप लागू होत नाही. फ्रान्सच्या दूतावासाकडून फ्रेंच पॉलिनेशियासाठी वैध असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेला व्हिसा लागतो. सवलती कुणाला आहेत हे अर्ज करायच्या आधी तिथेच विचारा. दुसरी गोष्ट लोक विसरतात: पापेएतेला जाणारी विमानं लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, ऑकलंड अशा ठिकाणांहून जातात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो.

18. आई-बाबा सत्तरीपुढचे आहेत. नेऊ का?

चालते-फिरते असतील तर जरूर. प्रवाशांत सत्तरीची माणसं पुष्कळ असतात. चाकाच्या खुर्चीशिवाय जमत नसेल तर जहाजावर ठीक, पण व्हेलबोटीत (प्रश्न 6) उतरणं अवघड. डॉक्टर जहाजावर असतो, रुग्णालय ताईओहाएत, आणि गंभीर असेल तर विमानाने पापेएते. मधल्या तासांचा विचार तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

19. या बेटांचा भारताशी काही संबंध?

एक ताजा. मार्केसास बेटांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो जुलै 2024 मध्ये, आणि तो ठराव झाला नवी दिल्लीतल्या बैठकीत. आसामचे मोइदाम (अहोम राजघराण्याची दफन-टेकाडं) त्याच बैठकीत यादीत आले.

20. मला या जहाजावर नोकरी मिळेल का? भारतीय सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक) आहे.

खरं सांगायचं तर जवळजवळ नाही. माणसं स्थानिक घेतली जातात, काम फ्रेंच आणि ताहितीयन भाषेत चालतं. पॅसिफिकच्या इतर कंपन्यांतही डेकवरच्या जागा बेटांवरच्याच लोकांना जातात, आणि ते योग्यही आहे.

प्रवासी जहाजावर काम करायचंच असेल तर नेहमीच्या एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) अभ्यासक्रमांबरोबर गर्दी-व्यवस्थापनाचं प्रशिक्षण लागतं, ते आधी करून ठेवा. आणि कुणी एजंट ‘पॅसिफिकमध्ये क्रूझ-कार्गोवर पक्की नोकरी’ म्हणून पैसे मागत असेल, तर त्याच्याकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का ते क्रमांकासह तपासा. परवानाधारक कंपनीलाही नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. मागितलं तर तिथूनच परत फिरा.